मथुरेच्या दोन घागरी

अठ्ठ्याहत्तर सालच्या लग्नसराईत कलघटगीचा पुंडलिक हुबळीत, कोप्पीकर रोडवरच्या एका कापडदुकानात तीन महिन्यांपुरता मदतीला आला. हुबळीसारख्या गावात खोली मिळायला काय लागतं, असं त्याला वाटलं होतं. बायको लागते, हे तीन घरं फिरल्यावर कळलं.

"मंडळी?" पहिल्या घरी विचारलं. नाही म्हणताच दार लागलं. दुसऱ्या घरी जरा हसून लागलं. तिसऱ्या घरात तर आधी तरण्या मुलीला आत पिटाळलं आणि मग लावलं. चाळिशी ओलांडलेल्या पुंडलिकाला त्यात थोडा मानच वाटला.

कमरीपेठेत कृष्णाबाईंनी तेच विचारलं तेव्हा मात्र तो थकला होता.

"मागनं येतेय," तो म्हणून गेला. "अळणावरला माहेरी आहे. आईचं दुखणं काढतेय."

"नाव?"

"मथुरा."

नाव खरं होतं, माहेरही खरं. मथुरा जाऊन दोन वर्षं झाली, एवढी एकच बाब त्यानं गाळली.

"आयतु, ठीक आहे," कृष्णाबाई म्हणाल्या. "पाणी माणशी दोन घागरी. तुम्ही दोघं. चार भरा."

नळ एक दिवसाआड येई आणि कृष्णाबाई स्वतः मोजायला बसत. देवालासुद्धा चमचाभर जास्त मिळायचं नाही. पण न आलेल्या मथुरेच्या घागरी त्यांनी कधी कापल्या नाहीत. सुरुवातीला पुंडलिकानं त्या पाण्यात सदरे धुतले. मग धुववेना. तिच्या म्हणून झाकून ठेवी आणि नवं पाणी आलं की जुनं अंगणातल्या मोगऱ्याला घाली.

चैत्रातल्या हळदीकुंकवाला शेजारची विमल आंबेडाळ घेऊन आली. "वहिनींच्या वाट्याची. खणही ठेवलाय हं मी. कुठला रंग आवडतो त्यांना?"

"हिरवा. पण पोपटी नको."

दिवसभर दुसऱ्यांच्या बायकांना खण दाखवणाऱ्या माणसाला हे दोन वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. कलघटगीत सगळ्यांना सगळं ठाऊक, म्हणून तिचं नावच कुणी काढत नसे. इथं रोज निघे.

ज्येष्ठात दुकानाचा मालक म्हणाला, "कायमचाच राहा की इथं." पुंडलिक हरखून कृष्णाबाईंकडं गेला. "अक्का, खोली पुढं चालू ठेवू म्हणतो."

"बायको कुठाय?"

"येईल."

"येईल, येईल! टाकलीस का रे तिला, खरं सांग. आठ दिवसांत आणून दाखव, नाहीतर खोली सोड. बायकोला वाऱ्यावर सोडणारा माणूस मला नको."

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. कृष्णाबाईंचे यजमान जाऊनही बरीच वर्षं झालेली. त्यांनी डोळ्यांना पदर लावला असता, खोली राहिली असती, नोकरीही. आणि पुढच्या पाण्याला त्यांनी मोजून दोनच घागरी भरू दिल्या असत्या.

"टाकली नाही, अक्का," पुंडलिक म्हणाला. "तिला तिकडं करमत नाही. मीच जातो."

"हे आधी नाही सुचलं?" कृष्णाबाई पहिल्यांदा खूश झाल्या. "जा. अन् तिला म्हणावं, हुबळीत तुझं पाणी भरून ठेवत होतो."

"म्हणतो."

मालकाला नकार सांगून झाला. निघायच्या सकाळी नळ आला तेव्हा त्यानं चारही घागरी भरल्या. दोन वापरल्या, दोन झाकून ठेवल्या. ट्रंक बाहेर काढली आणि आत कुणी निजलेलं असावं तसं दार हळूच ओढून घेतलं.