आधीच भरलेला रक्तगट

रावसाहेब थोरातांनी रुमाल काढून नाकाला लावला आणि संघमित्राला शिसारी आली. वासाची नव्हे, रावसाहेबांची.

बेलापूरच्या एका धर्मादाय रक्तपेढीच्या नोंदणी खोलीत दोघं उभी होती. समोर संगणकावर पुतळा बसली होती. पुतळा जवळच्या दिवाळे गावची कोळीण. बारावीनंतर टायपिंग शिकून इथं लागली, त्याला आता नऊ वर्षं झाली होती. तिच्या अंगाला डेटॉलखेरीज दुसरा कसला वास नव्हता. पण ती दिवाळ्याची आहे एवढं कळल्यावर साहेबांच्या नाकात सुके बोंबील शिरले ते शिरलेच.

"तुम्ही बघा काय बघायचं ते, मॅडम," ते रुमालाआडून म्हणाले आणि बाहेर गाडीत जाऊन बसले.

नव्याण्णव सालचा मे महिना. एप्रिलअखेर एका व्हायरसने रक्तपेढीची तिन्ही मशिनं एकाच सकाळी आडवी केली होती. दोन दिवस सगळ्या नोंदी वहीत झाल्या. त्यानंतर रक्तपेढीच्या प्रमुख, डॉक्टर अरुणा वर्टी, यांनी ठरवून टाकलं की आता विंडोज नको, लिनक्स आणा. जुना प्रोग्राम रावसाहेबांच्या वाशीतल्या दोन खोल्यांच्या कंपनीनेच केला होता. नवाही त्यांनीच करायचा होता आणि तो लिहायचं काम संघमित्रा सोनकांबळेकडे आलं होतं.

पहिला प्रश्न होता टूलकिटचा. पडद्यावरच्या खिडक्या, बटणं, रकाने उभे करायचं तयार सामान म्हणजे टूलकिट. नव्या सिस्टिमवर तसं सामान तीन-चार तऱ्हांचं मिळत होतं. एकदा त्यावर प्रोग्राम उभा राहिला की पुन्हा बदलणं म्हणजे घर पाडून बांधणं. म्हणून निवडण्याआधी ती वापरणारीचं काम बघायला आली होती.

ती दुपारपर्यंत पुतळाच्या मागे स्टुलावर बसून राहिली. पुतळा डाव्या हातात रक्ताची पिशवी धरायची, डोळे पिशवीवरच्या नंबरावर, आणि उजवा हात कीबोर्डवर आपला आपण चालायचा. पडद्याकडे ती बघतच नव्हती. रक्तगट ती दोनदा टाकायची. दोन्ही वेळा जुळलं नाही तर मशीन ओरडायचं.

"दोनदा का हो, ताई?"

"एकदा मानूस चुकतो, बाय. तीच चूक लागोपाठ दोनदा कराला लय मोठं नशीब लागतं."

"आणि माऊस?"

"एका हातान पिशवी, एका हातान आकडे. उंदीर धरू कंच्या हातान?"

संघमित्राने ऑफिसात परत येऊन एकच परीक्षा लावली. मशीनचा माऊस उपटून ड्रॉवरमध्ये टाकला आणि एकेका टूलकिटवर तोच छोटा फॉर्म बनवून भरून बघितला. एक जुनं, भारदस्त, पण परवान्याच्या भानगडीत अडकलेलं. एक नवंकोरं, त्यावर हवी ती रंगीत कातडी, म्हणजे वरचं रूप, चढवता यायची, पण कातडी चढली की रक्तपेढीतल्यासारख्या जुन्या, मंद ४८६ प्रोसेसरच्या मशीनवर खिडकी तुकड्यातुकड्याने उगवायची. तिसऱ्याचं नाव टीके. दिसायला राखाडी आणि रुक्ष, पण हलकं, आणि सगळं कीबोर्डवर चालणारं. दोन आठवड्यांत तिने त्यावर पिशवीच्या नोंदीचा भाग उभा केला.

रावसाहेबांनी तो बघून तोंड वाकडं केलं. "शी! हे काय, रेशनिंग ऑफिसची खिडकी? ट्रस्टी लोकांना हे दाखवू मी?"

"सर, वापरणार ट्रस्टी नाहीत. पुतळाताई वापरणार."

"तिला काय कळतंय? जे देऊ ते दाबेल." त्यांनी शेजारच्या टेबलावरच्या ऋषीला हाक मारली. "ऋषी, तू कर रे जरा शोभेलसं काहीतरी."

ऋषीने दहा दिवसांत शोभेलसं केलं. रंगीत कातडीचं टूलकिट, गुलाबी पार्श्वभूमी, फुगीर चमकदार बटणं, कोपऱ्यात गोल गोल फिरणारा रक्ताचा थेंब. दोनदा रक्तगट टाकायचा रकाना 'बरा दिसत नाही' म्हणून काढून टाकला होता. त्याजागी एक यादी होती, आणि ती रिकामी दिसू नये म्हणून तिच्यात ओ पॉझिटिव्ह आधीच भरलेलं होतं.

ते बघून संघमित्राने यादीवर बोट ठेवलं. "ऋषी, हे रिकामं ठेव. कुणी न निवडताच पुढे गेलं तर?"

"टेन्शन नको घेऊस. डेमो आहे. नंतर बघू."

डेमोला दोन ट्रस्टी आले, डॉक्टर वर्टी पुण्याला गेल्या होत्या. डेमोसाठी रावसाहेबांनी ऑफिसचं नवं, जलद मशीन रक्तपेढीत नेऊन मांडलं होतं. थेंब झकास फिरत होता. ट्रस्टी लहान मुलांसारखे हरखले. मग त्यांतल्या एकाला हौस आली, "आपल्या बाईंना भरू द्या की एक नोंद."

पुतळा बसली. सवयीने तिचा हात पुढे पुढे चालला, पिशवी हातात, डोळे नंबरावर; माऊसने निवडायची यादी तशीच मागे राहिली. नोंद झाली. मग ती थांबली, पहिल्यांदाच तिने पडद्याकडे नीट बघितलं.

"सायेब, ही पिशवी बी निगेटिव हाय. हिथं ओ पॉजिटिव पडलंय."

"डेमो आहे हो, बाई," रावसाहेब हसले. "खरं थोडंच कुणाला चढवायचंय?"

ट्रस्टीही हसले. ऋषी हसला. संघमित्रा मिठाची गुळणी धरून भिंतीशी उभी राहिली. बोलावं असं तिला वाटलं. ट्रस्टींसमोर साहेबांचा पाणउतारा नको, असंही वाटलं. तेवढ्यात चहा आला, आणि चहाबरोबर गुलाबी प्रोग्राम पास झाला.

पुतळा मात्र गप्प बसली नाही. डॉक्टर परत आल्या त्याच सकाळी ती त्यांच्यासमोर उभी राहिली. दुपारी सगळ्यांना बोलावणं आलं.

डॉक्टर वर्टींनी स्वतः बसून एक नोंद केली, यादीला हात न लावता. ओ पॉझिटिव्ह. दुसरी केली. ओ पॉझिटिव्ह. मग त्यांनी खुर्ची वळवली. "बी निगेटिव्हच्या पिशवीवर हे लेबल लागलं असतं तर? माणूस मेला असता, थोरात."

रावसाहेबांना घामही फुटला नाही. "मॅडम, म्हणूनच आम्ही साधं व्हर्जन सुरुवातीपासून तयार ठेवलंय. मी टीमला पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, कीबोर्ड फर्स्ट! हे फक्त ट्रस्टींच्या समाधानासाठी."

इतकं सराईत खोटं संघमित्राने जवळून कधी बघितलं नव्हतं. दुसऱ्याचं उष्टं ताट कुणी आपल्यासमोर चाटूनपुसून खावं, तशी किळस तिच्या अंगावर आली. ती तोंड उघडणार, तोच डॉक्टरांनी तिला विचारलं, "तुम्ही होता ना डेमोला? तुम्हाला दिसलं नाही?"

"दिसलं होतं," संघमित्रा म्हणाली.

डॉक्टरांनी खुर्ची पुन्हा थोरातांकडे वळवली आणि साधं व्हर्जन लावायला सांगितलं. इतका वेळ साहेबांवर उसळणारी किळस आता संघमित्राला स्वतःचीच आली.

साधा राखाडी प्रोग्राम ऑगस्टमध्ये लागला. ट्रस्टच्या कार्यक्रमात रावसाहेबांना हार घालून त्यांचा फोटो निघाला. दुसऱ्या दिवशी संघमित्राने राजीनामा लिहून त्यांच्या टेबलावर ठेवला. नोटिशीच्या महिन्यात रक्तपेढीतल्या बायकांना शिकवायचं काम तेवढं तिने आपणहून मागून घेतलं.

पहिल्या दिवशी ती पुतळाशेजारी बसली. म्हणाली, "ताई, त्या दिवशी मी बोलायला हवं होतं. गप्प बसले."

"बसलीस खरी," पुतळा म्हणाली. तिने ना हात धरला, ना असू दे म्हटलं. पिशवी उचलून नंबर वाचत ती म्हणाली, "आता दाव, चुकीची नोंद खोडाची कशी."