रेकॉर्डर धरणारा माणूस

आमच्या अनिशने कनाटा गावातली नोकरी सांभाळून म्युझिक अल्बम केला आणि त्यात एकही गाणं नाही. आहे ती सगळी खरखर. गेल्या शनिवारी हॅमिल्टनला माझ्याकडे आल्या आल्या त्याने मला ऐकायला बसवलं. मळायला घेतलेली कणीक तशीच टाकून मी बसले, हेही सांगून ठेवते.

अल्बम आमच्याच जुन्या कॅसेटींचा. आम्ही इकडे परदेशात आलो तेव्हा नागपूरला फोन करणं परवडायचं नाही, म्हणून खुशाली कॅसेटवर भरून पाठवायचो. सासूबाईंनी त्या सगळ्या जपल्या होत्या.

माझे यजमान, उल्हास, गेले तेव्हा अनिश शाळेत होता. फोनमध्ये व्हिडिओ काढायचे दिवस यायचे होते. अलीकडे मला त्यांचा आवाज आठवेनासा झाला होता, आणि त्याची मला भीती वाटायची. तेवढा एक आवाज ऐकायला मिळावा म्हणून मी बसले होते. बाकी अल्बमशी मला देणंघेणं नव्हतं.

पहिल्या तुकड्यात मीच होते. ‘इकडे गुडघाभर बर्फ आहे हो’ हे माझं वाक्य त्याने शेवयांसारखं ताणलं होतं. दुसऱ्यात कुकरच्या शिट्ट्या. तिसऱ्यात नुसतंच काहीतरी आत-बाहेर होत होतं.

"अरे, बाबा कुठे आहेत यात?" मी वैतागून विचारलं.

"आई, बाबा नेव्हर स्पोक. मी सगळ्या टेप्स चेक केल्या. ओन्ली यू आर टॉकिंग."

खरं होतं ते. रेकॉर्डर धरायचं काम ह्यांचं. टेबलावर ठेवला तर फ्रिजची घरघर येते म्हणून ते तो छातीशी धरून उभे राहायचे. तुम्हीही बोला म्हटलं, की मलाच पुढे बोलायची खूण करायचे.

"सो मी तुझे वर्ड्स कट केले," अनिश म्हणाला. "जे उरलं त्याचा व्हॉल्यूम वाढवला. हे बाबाच आहेत. हिज ब्रीदिंग."

मी डोळे मिटले. श्वासाच्या शेवटी बारीकशी शीळ ऐकू आली. त्या शिळेपायी मी रोज त्यांना कुशीवर वळवायची. मधेच नाकातून फुसकन निसटलेलं हसू, ते दाबायची धडपड, आणि पुन्हा श्वास.

हे माझं कधी ऐकतच नाहीत, ही माझी जन्माची तक्रार. आणि हा माणूस माझी बडबड शब्दन् शब्द ऐकत होता, तीत आपला आवाज मिसळू नये म्हणून हसूसुद्धा गिळत होता. मला रडू आलं, आणि फार बरं वाटलं. पोराने माझं माणूस मला परत आणून दिलं होतं.

पोटच्या पोराला ‘थँक यू’ म्हणायची आमच्यात पद्धत नाही. मी म्हटलं. मग तिसरा तुकडा पुन्हा लावायला सांगितला आणि आयुष्यात पहिल्यांदाच ह्यांच्यासमोर गप्प बसले.