आईला चारा

गुलाबराव थूल पुलगावच्या दारूगोळा डेपोत चौतीस वर्षं पेट्यांवरच्या चिठ्ठ्या वाचत होते. तिथं शिकवण एकच होती: पेटीवर लिहिलंय ते वाचायचं, आपल्याला काय वाटतं ते घरी ठेवून यायचं. निवृत्तीनंतर गावातल्या विहारात त्यांनी मुलांचा वाचनवर्ग धरला तो याच एका वाक्याच्या भांडवलावर. मानधन नव्हतं. सन्मान होता. म्हणजे ‘स्वयंसेवक’ असं छापलेली एक टोपी होती, आणि ती डोक्याला लहान होत होती.

वर्ग नागपूरच्या एका संस्थेचा. मुलांनी आणि त्यांच्या आयांनी मिळून वाचायचं, अशी मूळ कल्पना. कल्पना चांगली होती, म्हणून तिला कुणी फारसा हात लावला नाही. संस्थेनं सरावासाठी एक कार्ड दिलं, त्यावर आठ ओळींचा उतारा. वर्षभरात तो गावात असा मुरला की बकऱ्या वळणारा म्हातारासुद्धा ‘सकाळ झाली, कोंबडा आरवला’पासून शेवटपर्यंत न अडखळता म्हणू लागला. वर्गातली पोरं तर कार्ड उलटं धरूनही त्याच वेगानं वाचत. गुलाबरावांनी हे संस्थेला दोनदा लिहून कळवलं. उत्तरादाखल आणखी दहा कार्डं आली.

वर्गातल्या बावीस पोरांपैकी अपवाद एकच, धुरपताची जागृती. नऊ वर्षांची. पाठांतरात कच्ची, म्हणून बिचारीला वाचायला शिकावं लागलं. तिच्याबरोबर, विहाराच्या ओट्यावर बसून, धुरपताही शिकली. घरात खताच्या गोणीपासून बिस्किटाच्या पुड्यापर्यंत जे जे छापील होतं ते मायलेकींनी वाचून संपवलं होतं. आता जागृतीचा जीव अडकला होता गोष्टीच्या पुस्तकात. ‘शेवटची परीक्षा झाली की पुस्तकांचा खोका येणार,’ असं गुलाबरावांनीच तिला सांगितलं होतं. दोन महिने ती रोज विचारायची, “आबाजी, खोका कवा येते?”

खोका रविवारी सकाळी आला. वर्ध्याहून बोलेरोतून पियुष आला, संस्थेचा जिल्हा समन्वयक. हातात टॅबलेट, मागच्या सीटवर खोका, आणि खोक्याशेजारी गुंडाळलेला फ्लेक्स: ‘शंभर टक्के वाचतं गाव’. परीक्षा अजून व्हायची होती.

विहारात खुर्चीवर भैय्याजी बसले होते. सरपंचबाई त्यांची बायको, त्यामुळे सरपंचाच्या खुर्चीचा त्रास ते एकटेच सोसत.

“एकेक मूल येईल, हे नवीन कार्ड वाचेल, उतारा तोच. बरोबर वाचलं तर हिरवं, चुकलं तर लाल. हिरव्याला गोष्टीचं पुस्तक,” पियुष म्हणाला.

हिरव्यांची रांग लागली. अंजूनं तर कार्डानं वारा घेत घेत उतारा वाचला. हिरवी. एकवीस मुलं पंधरा मिनिटांत वाचून झाली आणि एकवीस पुस्तकं खोक्यातून निघाली. अंजू आपल्या पुस्तकावर बसली, कारण फरशी गार होती.

मग जागृती. तिनं कार्ड मांडीवर सरळ ठेवलं, बोट लावलं. सकाळ झाली. कोंबडा आरवला. आईनं भाकरी केली. बाबांनी…

बोट थांबलं. मागं गेलं. परत आलं.

“बाबांनी आ-ई-ला… आईला चारा घातला.”

विहार हसून लोटपोट झाला. भैय्याजी खुर्चीत वळून ओट्याकडे पाहत म्हणाले, “काय वो धुरपता, काय चारते तुहा नवरा? कुटार का ढेप?”

“तो काय चारते, भैय्याजी! मीच चारतो त्याले, दोन्ही टाइम.”

“बेटा, नीट बघ,” पियुष म्हणाला. “गाईला. गाईला चारा घातला.”

“पाहूनच राह्यली, सर. आईला लिवलं हाय.”

टॅबलेटवर लाल चौकोन उमटला. धुरपता ओट्यावरून उठून आली, कार्ड हातात घेतलं. “आ. मंग ई. मंग ला,” तिनं नखानं एकेक अक्षर दाबून दाखवलं. “पोरगी बरोबर हाय, सर. ग नाईच इथं.”

गुलाबरावांनी चष्मा चढवला. ग नव्हताच.

पियुषनं प्रथमच कार्ड वाचलं. दोन महिने ते त्याच्या खिशात होतं. “छपाईची चूक दिसते,” तो म्हणाला. “यंदा नवीन छापली ना. आमच्या नागपूर ऑफिसच्या रीता मॅडमनी स्वतः तपासली होती.”

“या कार्डावर गावं किती झाली?” गुलाबरावांनी विचारलं.

“अडतीस, काका. सगळी हिरवी.”

“त्या अडतीस गावांत ‘आईला’ कोणी वाचलं?”

“नाही ना!” पियुष अभिमानानं म्हणाला. “सगळ्यांनी बरोबर वाचलं.”

चहा पिऊन झाल्यावर कपाच्या तळाशी झुरळ दिसावं, तसं गुलाबरावांना झालं. समोरच्या माणसाला आपण काय बोललो ते कळलेलं नव्हतं. तो अजून हसत होता.

“म्हणजे अडतीस गावांत कोणीच वाचलं नाई, लेका. वाचलं ते हिनं.”

“तसं नसतं काका. ॲपमध्ये उत्तर ‘गाईला’ आहे. आणि खरं सांगू? ही नुसती अक्षरं वाचते. आकलन नाही. आईला कुणी चारा घालतं का?”

“तेच तं,” भैय्याजी म्हणाले. “डोस्कं लावा लागते वाचताना.”

पियुष घड्याळ पाहून खालच्या आवाजात म्हणाला, “काका, लाल राहिली तर वर्षभर अक्षरगटात बसावं लागेल, बालवाडीच्या पोरांसोबत. पुस्तक मिळणार नाही. आणि फ्लेक्स तर छापून झालाय. मी पुन्हा संधी देतो. एकदा ‘गाईला’ म्हणू द्या, विषय संपला.”

खोक्यात एकच पुस्तक उरलं होतं. मुखपृष्ठावर डोक्यावर हंडा घेतलेलं अस्वल. जागृती त्याच्याकडे पाहत होती.

“म्हन ना वो माय,” धुरपता हळूच म्हणाली. “गाईले तं गाईले. तुह्यं काय जाते?”

जागृतीनं गुलाबरावांकडे पाहिलं. ती त्यांच्याच तोंडाकडे पाहत राहिली, कारण ‘लिहिलंय तेच वाचायचं’ हे तिला त्याच तोंडानं सांगितलं होतं. गुलाबरावांनी अस्वलाकडे पाहिलं. बालवाडीच्या पोरांत मांडी घालून बसलेली जागृती त्यांना दिसली. चौतीस वर्षांत एकाही चुकीच्या पेटीवर सही न केलेल्या त्या माणसानं मान हलवली. खालीवर, एकदा.

जागृतीनं कार्ड मांडीवर पालथं घातलं. डोळे मिटले आणि आठही ओळी एका दमात म्हणून टाकल्या. वर्षभर इतरांच्या तोंडून ऐकून तिलाही ते येत होतंच. गाय तिनं जरा मोठ्यानं म्हटली.

चौकोन हिरवा झाला.

“बघा, किती छान वाचते!” पियुष म्हणाला. टाळ्या झाल्या. मुलांना फ्लेक्सखाली उभं करून फोटो निघाला. भैय्याजी मधोमध. बोलेरो धूळ उडवत पुढच्या गावाकडं गेली, एकोणचाळिसाव्या गावाला चाळिसावं जोडायला. कार्डांचा गठ्ठा तसाच सोबत.

विहार रिकामा झाला. सतरंजीवर तीन-चार पुस्तकं पोरं विसरून गेली होती. गुलाबरावांनी टोपी काढली, आतला घाम पुसला, आणि पुन्हा घालावीशी वाटेना म्हणून खिशात कोंबली. पियुषचा राग आला असता तर बरं झालं असतं.

जागृती दारातून परत आली. अस्वलाचं पुस्तक पहिल्या पानावर उघडलेलं, पहिल्या शब्दाखाली बोट.

“आबाजी, हे लिवलं तसंच वाचू? का ह्याच्यातबी दुसरं म्हनावं लागते?”

“लिहिलंय तसंच,” गुलाबराव म्हणाले.

तिचं बोट हललं नाही.

“मंग मघाशी तुमी मान काऊन हालवली?”

चौतीस वर्षांत एकाही पेटीनं त्यांना उलट विचारलं नव्हतं.