कट्ट्यावरची शेवटची जोडी

इकडं सरकून बसा. दारात वारा लागतो, आत या. कीर्तनाला उभे राहिलेले बुवा अभंग धरण्याआधी एकवार सगळ्या मंडळींवर नजर फिरवतात, तसं मलाही तुमची तोंडं बघू द्या, म्हणजे सांगायला बरं. एक गोष्ट सांगते, आमच्याच गावची. जनकाबाईची आणि तिच्या मालकाच्या वहाणांची. लांबण लावत नाही.

बुलढाण्याकडच्या धाड गावाच्या पलीकडं डोंगराची कड तुटते, त्या कडेवर आमचं गाव. गावापासून हाकेच्या अंतरावर दरा आहे. दऱ्यात उंचावरून पाणी पडतं, त्याला आम्ही दुधधार म्हणतो. खाली डोह, आणि डोहाकाठच्या कपारीत महादेवाची पिंड. पूर्वी खाली उतरायला शेळ्यांनी पाडलेली वाट तेवढी होती, आणि आखाडीपासून दसऱ्यापर्यंत तिकडं कोणी फिरकत नसे. महाराष्ट्र राज्य झालं, त्यानंतर काही वर्षांनी जंगल खात्यानं ती वाट बांधून काढली. दगडी पायऱ्या, वळणांवर लोखंडी कठडे, बसून धार बघायला ओटे, ओढ्यावर लाकडी साकव. वरच्या तोंडाशी पाटी लावली, 'वाट बाराही महिने खुली'.

आणि माणसं खरंच बाराही महिने येऊ लागली. उन्हाळ्यात धार सुतासारखी होते, तरी डोहाच्या गारव्याला लोक यायचे. थंडीत शाळांच्या सहली. श्रावणात तर बुलढाण्याची, खामगावची मंडळी जीप करून येत आणि ओलीचिंब होऊन हसत वर चढत. आम्हाला बरं वाटायचं. आपल्या महादेवाचं एवढ्यांना दर्शन घडतं म्हणून.

एक रीत मात्र जुनीच राहिली. वाटेच्या तोंडाशी मोहाच्या झाडाखाली सपाट काळा खडक आहे, तो वहाणकट्टा. खाली देव आहे, म्हणून वहाणा कट्ट्यावर काढायच्या आणि अनवाणी उतरायचं. दुसऱ्याच्या वहाणेला कोणी हात लावायचा नाही. ज्याची त्यानं वर येऊन उचलायची. दिवेलागणीला कट्टा रिकामा दिसला की समजायचं, दऱ्यात माणूस उरलं नाही.

खात्यानं वाटेवर राखणदार नेमला तो पुंजाजी, जनकाबाईचा मालक. बारीक, काटक माणूस. आमच्या भजनात टाळ धरायचा, चालीत कच्चा पण ठेक्याला पक्का. सकाळी येऊन आपल्या टायरच्या वहाणा कट्ट्याच्या कोपऱ्यात काढायचा, दिवसभर खालीवर करायचा, कोणाची म्हातारी हाताला धरून आण, कोणाचं लेकरू खांद्यावर आण. संध्याकाळी सगळ्यांच्या वहाणा गेल्या की मग स्वतःच्या उचलायचा.

वाटेच्या तोंडाशी इंद्रभानचं चहाचं हाटेल होतं. तो थट्टा करायचा, "पुंजाजी, तुह्या वहाणा तं खडकालेच उगोल्या बे. पानी घालत जाय थोडं."

पुंजाजी म्हणायचा, "घालतो ना. तुह्या चहातलंच घालतो, तसंही पानीच असते त्यात."

त्या श्रावणात देवळात सप्ताह बसला होता. सोमवार होता, दऱ्यावर गर्दी, दिवसभर भुरभुर पाऊस. खामगावकडच्या एका मंडळीतल्या तरुणाच्या चपलेचा अंगठा तुटला होता. वर आल्यावर त्यानं ती जोडी तशीच कट्ट्यावर टाकली आणि अनवाणीच जीपमध्ये चढला. इंद्रभानच्या देखत चढला. इंद्रभान त्याला हसलाही. पुंजाजी त्या वेळी एका आजीबाईंना घेऊन खालच्या वळणावर होता.

पुंजाजी वर आला तेव्हा इंद्रभान हाटेलामागं कपबश्या विसळत होता. पुंजाजीनं कट्टा पाहिला. आपली सोडून आणखी एक जोडी. म्हणजे खाली कोणीतरी आहे. तो परत उतरला.

थोड्या वेळानं इंद्रभाननं हाटेलाची फळी लावली आणि जाता जाता कट्ट्याकडं पाहिलं. दोन जोड्या. एक तुटकी, टाकून दिलेली, ती त्याला ठाऊकच होती. दुसरी पुंजाजीची, आणि पुंजाजीची तर सगळ्यांच्या मागून उचलली जाते, ती रोजच असते. पुंजाजी असेल इथंच कुठं. तो घरी गेला.

देवळात पुंजाजीच्या नावचा वीणेचा पहारा होता. तो आला नाही, तेव्हा आम्हाला वाटलं, भिजला असेल, घरी गेला. जनकाबाईला वाटलं, वाटेवरून परस्पर देवळात गेले, पहारा करून तिथंच टेकतील. ज्याच्या त्याच्या जागी ज्याला त्याला बरोबरच वाटलं. आम्ही कीर्तनात रंगलो होतो.

दुसऱ्या दिवशी खालच्या गावच्या गुराख्यांना तो ओढ्यात सापडला. साकवाजवळ पाय सरकला असावा. पायऱ्या निसरड्या, वर आणणं अवघड, म्हणून त्याला तसंच खालच्या अंगानं बैलगाडीतून नेलं आणि तिकडंच नदीकाठी अग्नी दिला. जनकाबाईला वळसा घालून गाडीरस्त्यानं तिथं नेलं. दऱ्याच्या तोंडाशी त्या दिवशी कोणी आलंच नाही. मग खात्यानं वाट बंद केली, तोंडावर बाभळीची फांदी आडवी टाकली. तुटकी चप्पल पावसानं कुठं नेली कोण जाणे. पुंजाजीच्या वहाणा कट्ट्यावर राहिल्या.

जनकाबाई रडली नाही. बायांनी तिच्या गळ्यात पडून पाहिलं, तिच्यासमोर त्याचं नाव घेऊन पाहिलं. ती त्यांनाच पाणी द्यायची. तेराव्याला जोडा, छत्री, काठी दान द्यायची असते. छत्री दिली, काठी दिली. जोड्याची वेळ आली तेव्हा तिचा भाऊ कट्ट्याकडं जायला उठला, तर ती एवढंच म्हणाली, "कोनी हात लावू नोका. ज्याच्या त्यानं उचला लागते." ते दान राहिलं. जेवणं झाली, तिनं खरकटं काढलं. मुगाच्या शेंगा तोडायला आल्या होत्या, तोडल्या. पोळा आला, तिनं दिराच्या बैलांना ओवाळलं.

मी एकदा तिला म्हटलं, "जनका, मन मोकळं कर बाई."

ती शेंगा सोलत होती. "मोकळंच हाये. काई नाईच त्यात. पाय मुडपून बसल्यावर पाय मेल्यावानी होते ना, तसं आंग झालं. माह्यं हाये का दुसऱ्याचं, समजत नाई."

पोळ्यानंतर जंगल खात्याचे नाकेदार भगवानराव तिच्या दारात आले. माणूस भला. टोपी हातात फिरवत उभे राहिले.

"बाई, वाट परत उघडायची आहे," ते म्हणाले. "कठडा पक्का केला, साकवाला नव्या फळ्या घातल्या. पण त्या वहाणा तिथं आहेत. येणारे विचारतात, बायका घाबरतात. तुम्ही उचलल्या तर बरं. माझ्या हातात असतं तर मी..."

"कट्टा रिकामा झाला म्हनजे काय समजतात, साहेब?"

भगवानरावांनी खाली पाहिलं. "माणूस वर आला."

"मंग ते कुठी आले?"

त्यांनी टोपी डोक्यावर घातली. जाताना म्हणाले, सोमवारी फांदी काढू. तोवर पाहा. म्हणजे तोवर तिनं उचलल्या नाहीत तर दुसरं कोणी उचलणार, हे तिला कळलं आणि मलाही.

रविवारी ऊन पडलं होतं. ती माझ्या दारात आली. "बाई, येतं का संगं? त्याईले आनाले गेलंच नाई कोनी."

मी वातीची परडी बाजूला ठेवली आणि निघाले.

कट्ट्यावर पुंजाजीच्या वहाणा होत्या. पाण्यानं काळ्या पडलेल्या, एकीत मोहाचं पान. मी माझ्या त्यांच्याशेजारी काढल्या. जनकाबाई मुळातच अनवाणी. इंद्रभान हाटेलाच्या दारात उभा होता. त्या दिवसापासून तो आमच्याशी नजर मिळवत नसे. "वहिनी, मी येऊ?" त्यानं विचारलं.

"तू वरतंच राह्य. कोनी पाह्यजे ना वरतं."

बाभळीची फांदी ओलांडून ती उतरायला लागली. पायऱ्यांवर शेवाळ वाळून हिरवी पूड झाली होती. कठड्याला नवा रंग होता, हाताला लागत होता. ओट्यांवर कोणी नव्हतं. साकवाच्या नव्या फळ्या पांढऱ्या दिसत होत्या, तिथं मी थांबले, ती थांबली नाही. डोहापाशी धारेचा आवाज इतका होता की शेजारचं बोलणं ऐकू येईना. तिनं पिंडीला हात जोडले. मग डोहाकडं तोंड करून, शेतात असलेल्या माणसाला जेवायला बोलावतात त्या सुरात म्हणाली,

"चला हो. सांज होऊन राह्यली. तुमचीच जोडी उरली वरतं."

धार पडत होती. ती जरा उभी राहिली, मग वळली.

चढताना तिनं एकदाही मागं पाहिलं नाही. पण प्रत्येक वळणावर ती कठड्याला अंग चोरून उभी राहायची, मागून येणाऱ्याला वाट द्यावी तशी, आणि थोडं थांबून पुढं निघायची. मी पार मागं होते. तिच्या माझ्यात मी अंतर ठेवलं. मला कीर्तनातले पुष्कळ दृष्टांत पाठ आहेत, त्या चढावर एकही आठवला नाही. नुसतं विठ्ठल विठ्ठल म्हणत चढले.

वर आल्यावर ती कट्ट्याशेजारी बसली. हळूच म्हणाली, "उचला." मोहाची पानं हलत होती. इंद्रभान दाराची चौकट धरून उभा होता. मग तिनं दोन्ही हातांनी वहाणा उचलल्या, पान काढून टाकलं, पदरानं पुसल्या. कट्ट्यावर आता माझ्याच उरल्या, त्या मी घाईनं पायात घातल्या.

जनकाबाई उठायला गेली आणि परत बसली. "बाई, पाहा तं. टाचेत काय हाये."

बाभळीचा काटा होता, चांगला बोटाच्या पेरभर, आत मोडलेला. उतरताना फांदीवर पाय पडला असणार. सगळा दरा ती त्याच्यावर चालून आली होती. मी सुई मागवली, इंद्रभाननं आणून दिली. काटा काढताना ती म्हणाली, "हळू. दुखते." आणि मग पुन्हा, "लय दुखते, बाई." तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. फार नाही. पदर वहाणांनी मळला होता, म्हणून तिनं ते मनगटानं पुसलं.

"इंद्रभान," ती म्हणाली, "जोडा दान राह्यलं होतं. घे."

तो मागं सरला. "मले काऊन, वहिनी? मी तं त्या दिवशी पाहून बी..."

"म्हनूनच. पायात घालून पाह्य."

त्यानं घालून पाहिल्या. टाच बाहेर राहिली. "लहान होतात मले."

"मंग नोको घालू. पन आता वाट तू राखशीन. आन तुह्यी जोडी इथी ठेवत जाऊ नोको. हाटेलात ठेवत जाय. ज्या वेळी खाली उतरशीन त्याच वेळी इथी काढ, आन आल्याबरोबर उचल. रोज असली का दिसत नाई कोनाले."

"हाव," इंद्रभान म्हणाला.

ती लंगडत घरी गेली. माझ्या खांद्याचा आधार मागितला तिनं, तो आजवर कधी मागितला नव्हता.

सोमवारी फांदी निघाली. वाट अजून बाराही महिने खुली आहे. इंद्रभान राखतो, आणि त्याच्या हाटेलात खिळ्याला टायरच्या दोन वहाणा टांगलेल्या दिसतील. कोणी विचारलं तर तो सांगत नाही, चहा देतो. जनकाबाईची टाच बरी झाली, थंडीत मात्र तेवढी जागा ठणकते. ठणकली की ती सांगते, तिला सांगावंसं वाटतं.

झालं माझं. आता देवळातून निघाल, कीर्तनातून निघाल, तेव्हा दारातल्या गर्दीत आपल्या वहाणा पायात सरकवण्याआधी क्षणभर थांबा. सगळ्यांत मागं कोणाची जोडी उरली आहे ते बघा. रोजची असली तरी बघा, त्या माणसाला हाक मारा, आणि आमच्या पुंजाजीची आठवण ठेवा.