ढाल वर कर, गिल्जे!

कोरियात मे महिन्यात येणाऱ्या शिक्षकदिनाला व्हॉलीबॉलच्या जुन्या मुली चू गिल्जाबाईंना जेवायला नेत, तशा त्या वर्षीही नेल्या. मुली म्हणायचं आपलं, तिघीही चाळिशीला टेकलेल्या. बोरा बाईंच्याच गावात, सुन्चॉनमध्ये, एका दाताच्या दवाखान्यात कामाला होती, सुल्गीची जेजू बेटावर बेकरी होती आणि आरम राजधानीत, सोलला, विमा कंपनीत होती. शाळेच्या संघात असताना बाईंनी तिघींकडून गुडघे फुटेस्तोवर सराव करून घेतला होता, आणि प्रांताचा चषकही त्यांच्या हातात आणून ठेवला होता. बाई आता निवृत्त झाल्या होत्या. केस अजून तसेच, कानाच्या वर कापलेले. गळ्यात शिट्टी तेवढी नव्हती.

तव्यावर बदकाचं मांस चरचरत होतं. मुलींनी बाईंच्या कोटावर कार्नेशनचं लाल फूल टोचलं होतं. सगळं दरवर्षीसारखं चाललं होतं आणि सुल्गीच्या तोंडून निसटलं, "आरम, परवा शनिवारी तू मला मेलेली टाकून पळालीस हं. विसरले नाहीये मी."

"मी पळाले? तू कशाला त्या सापाच्या अंगावर एकटी धावून गेलीस?"

बोराला हसता हसता ठसका लागला. बाईंनी हातातल्या जेवायच्या काड्या खाली ठेवल्या.

"कुठला साप?"

आरम तव्यावरचे तुकडे उलटू लागली. शेवटी बोरानं सांगितलं. 'सातवा दरवाजा' नावाचा एक खेळ आहे, इंटरनेटवरचा. एक मोठं राज्य आहे, जंगलं आहेत, किल्ले आहेत, आणि हजारो माणसं आपापल्या घरी बसून एकाच वेळी त्यात फिरत असतात. कोणी तलवार घेतं, कोणी जादू करतं. चारपाच जणांनी मिळून राक्षस मारायचे. "आम्ही तिघी दर शनिवारी दुपारी तिथं भेटतो, बाई. इतक्या लांब लांब राहतो, मग भेटणार तरी कुठं?"

बाईंनी तिघींकडे आळीपाळीनं पाहिलं. "म्हणजे माझा संघ दर शनिवारी सरावाला जमतो आणि मला कोणी कळवत नाही."

"सराव नाही हो बाई, खेळ आहे नुसता."

"मग मी इतकी वर्षं तुम्हाला काय शिकवत होते? भरतकाम?"

बाईंनी बदकाचा तुकडा पानात गुंडाळून तोंडात टाकला आणि चावता चावता जाहीर केलं, "सोमवारी सुरू करते. बोरा, तू येतेस शिकवायला."

सोमवारी बोराला सुट्टी होती. बाईंच्या घरी संगणक नव्हता, म्हणून दोघी स्टेशनसमोरच्या पीसीबांगमध्ये गेल्या. तासाच्या भाड्यावर तिथं संगणक मिळतो, ऐसपैस खुर्ची मिळते आणि भूक लागली तर जागेवर गरम रामेन नूडल्सचा वाडगाही येतो. मालक गुक नावाचे पन्नाशीचे गृहस्थ होते. बाईंना पाहून ते उठले.

"या काकू. कागद छापून हवेत ना? प्रिंटर त्या कोपऱ्यात आहे."

"राक्षस मारायचेत," बाई म्हणाल्या. "खिडकीजवळची जागा द्या."

पहिली अडचण नावाची आली. बाईंनी एकेका बोटानं 'गिल्जा' टाईप केलं. पडद्यावर उमटलं: हे नाव आधीच घेतलेलं आहे.

"कोणी घेतलं?"

"असेल कोणीतरी, बाई. आपण दुसरं घेऊ. 'वाघीण' घ्या, 'चांदणी' घ्या."

"माझं नाव माझ्या आजोबांनी ठेवलंय. ती कोण कुठली गिल्जा येऊन बसली म्हणून मी चांदणी होऊ?" बाईंनी पुन्हा बोटं चालवली आणि 'खरीगिल्जा' असं लिहिलं. ते नाव मोकळं होतं.

मग भूमिका निवडायची होती. बोरानं आधीच ठरवून ठेवलं होतं. "बाई, तुम्ही वैद्य व्हा. मागं उभं राहायचं, जखमी झालेल्यांना बरं करायचं. तुमच्या अंगाला कोणी हातसुद्धा लावत नाही."

"आणि हा कोण?" बाईंनी पडद्यावरच्या एका धिप्पाड आकृतीकडे बोट दाखवलं. हातात दरवाजाएवढी ढाल होती.

"तो ढालकरी. तो सगळ्यांच्या पुढं उभा राहतो. राक्षसाचा मार तो अंगावर घेतो, म्हणून बाकीचे वाचतात." बोरा जरा घुटमळली. "फार अवघड असतं ते, बाई. ढालकऱ्याची एक चूक झाली की सगळेच मरतात. नवीन माणसं सहसा ते घेत नाहीत."

"आयुष्यभर मी रेषेबाहेर उभी राहून ओरडले, बोरा. आता मला आत जायचंय. हाच."

बोरानं मान तुकवली. बाईंशी वाद घालायची सवय तिला शाळेतही नव्हती.

बाईंनी आपली ढालकरीण हौसेनं घडवली. खांदे रुंद, दंड भक्कम, केस कानाच्या वर कापलेले आणि पांढरे. मग त्या राज्यात उतरल्या. उतरल्या म्हणजे एका खेड्याच्या चौकात उभ्या राहिल्या आणि आभाळाकडे बघत राहिल्या, कारण डाव्या हातानं चालायचं आणि उजव्या हातानं बघायचं हे त्यांना एकत्र जमेना. मान खाली आणली तर स्वतःचे पाय दिसायला लागले. पाय चालवले तर कुंपणात गेल्या. बोरा शेजारून हळू आवाजात सांगत होती, "थोडंसं उजवीकडे, बाई. नाही, बाई, दुसऱ्या उजवीकडे."

खेळातल्या गावप्रमुखानं रानडुकरं मारायला पाठवलं, तर बाईंनी विचारलं, "का? त्यांनी काय केलंय?" बोरा म्हणाली, असं विचारायचं नसतं. मग बाई डुकरांकडे निघाल्या, वाटेत तळ्याकाठच्या एका हंसाला चुकून ढाल लागली आणि त्या हंसानं चोचीनं टोचून टोचून त्यांना ठार केलं.

पडदा करडा झाला. बाईंनी चष्मा नाकावर सारला.

"चांगला खेळला," त्या म्हणाल्या. "पुन्हा कसं उठायचं?"

त्या दिवसापासून बाई रोज सकाळी पीसीबांगमध्ये येऊ लागल्या. त्या वेळी तिथं कोणी नसे. शिकवताना त्यांची एकच रीत होती: एक गोष्ट धरायची आणि ती झोपेतही होईपर्यंत सोडायची नाही. आता तीच रीत त्यांनी स्वतःला लावली. सुरुवातीला फक्त चालणं. मग चालता चालता वळणं. मग फक्त ढाल वर, ढाल खाली, ढाल वर, ढाल खाली. गावाच्या चौकात एक पांढऱ्या केसांची धिप्पाड बाई तासन्‌तास ढाल वरखाली करत उभी आहे हे पाहून अनोळखी खेळाडू थांबत. एकानं लिहून विचारलंही, "आजी, बटण अडकलं का?" बाईंनी उत्तर टाईप करेपर्यंत तो निघून गेला होता. हंसाला मात्र त्यांनी त्याच आठवड्यात गाठलं.

गुक साहेब रामेनमध्ये न सांगता अंडं फोडून आणू लागले. "काकू, माझ्याकडची पोरं इतकी मेहनत परीक्षेला करत नाहीत."

"त्यांना कोणी नीट ओरडलं नसेल," बाई म्हणाल्या.

उन्हाळा सरता सरता त्या तिघींबरोबर गुहेत जाण्याइतक्या तयार झाल्या. तो शनिवार ठरला. बोरा बाईंच्या शेजारच्या खुर्चीत बसली. खेळात वैद्य असलेली सुल्गी जेजूहून आणि आरम सोलहून, त्यांचे आवाज कानांवरच्या हेडफोनमधून येत होते. गुहेत एक सरडा होता, घराएवढा. तो तोंडानं आग ओकायचा आणि मधूनच शेपूट फिरवायचा. आग आली की ढाल वर करायची, शेपूट आलं की मागं सरायचं, बाईंचं काम एवढंच. केव्हा काय हे बोरा सांगणार होती. संघातही ती कर्णधार होती आणि नेटजवळून सगळ्यांना चेंडू तीच वाटायची.

बाई पुढं झाल्या. सरडा वळला. बोरा म्हणाली, "बाई, आता आपण जरा मागं सरकलात तर बरं—"

शेपूट आलं आणि चौघी मेल्या.

"आमचंच चुकलं, बाई," आरम लगेच म्हणाली.

दुसऱ्या वेळी बोरानं घाईनं सुरुवात केली. "बाई, तेवढी ढाल वर घेता का, म्हणजे आग—"

पुन्हा चौघी मेल्या.

"सरडाच वाईट आहे आज," सुल्गी म्हणाली.

पुढच्या खेपेलाही तेच झालं. मोठ्यांशी बोलायचं म्हणजे शब्दाला शब्दाची शेपटं लागतात, मान खाली घालून, विनंती करून, मगच मुद्द्याला हात घालायचा असतो. तिघींना लहानपणापासून तेच वळण होतं. तोवर सरडा थांबत नव्हता. बाईंनी हेडफोन काढले, चष्मा पुसला आणि पुन्हा हेडफोन लावले.

"बोरा, तू सामन्यात चुकीच्या जागी उभी असलीस की मी काय म्हणायचे?"

बोराचे कान लाल झाले. "बाई, ते..."

"सांग."

"'बोरे, हल!'"

"शब्द किती झाले?"

बोरानं दोन बोटं वर केली.

"मी काय म्हणायचे? 'बोराताई, जरा डावीकडे येण्याची कृपा कराल का?' असं म्हणत बसले असते तर प्रांताचा चषक आला असता का? तुम्ही माझा मान राखताय आणि त्या मानापायी मी मरतेय. आता ऐका. या गुहेत मी बाई नाही. मी तुमची ढालकरीण आहे. गिल्जा म्हणायचं आणि 'तू' म्हणायचं. आणि मी जशी ओरडायचे तसं ओरडायचं."

"बाई, ते जमायचं नाही हो आम्हाला," सुल्गी कळवळून म्हणाली.

"करून बघ."

मग जेजूहून बारीक आवाज आला, "गिल्जा... जी."

आरम फसकन हसली. "गिल्जा, तू मागे सरा," असं काहीतरी ती बोलली आणि मग स्वतःच तोंड दाबून बसली. बोरा खुर्चीत मागे टेकून छताकडे बघत होती. बाई मात्र हसल्या नाहीत. "अजून एकदा," त्या म्हणाल्या, आणि त्या दोन शब्दांनी तिघीही ताठ झाल्या. शाळेत तेच शब्द ऐकले की पुढं काय वाट्याला येतं हे त्यांना ठाऊक होतं.

बाई पुन्हा सरड्यासमोर उभ्या राहिल्या. पहिली आग त्यांनी न सांगता ओळखली आणि अडवली. दुसऱ्या वेळी शेपटाकडे बघता बघता त्यांचं तोंडाकडचं लक्ष सुटलं. सरड्याच्या गळ्यात लाल उजेड भरू लागला. त्यांना तो दिसला नाही. बोराला दिसला.

"ए गिल्जे, ढाल वर कर! डोळे काय घरी ठेवून आलीस?"

पीसीबांगमधल्या लोकांनी माना वळवल्या. गुक साहेबांच्या हातातला पेला तसाच राहिला. बाईंची ढाल मात्र वर गेली होती. आग ढालीवर आपटून दोन्ही बाजूंनी निघून गेली आणि चौघीही जिवंत होत्या.

मग बांध फुटलाच. "मागं सर, गिल्जा!" "वळ! वळ की गं, बावळट!" "गुडघे वाकव!" हे शेवटचं सुल्गी ओरडली. खेळात गुडघे वाकवण्याची सोयच नव्हती, पण कोणी तिला तसं सांगितलं नाही. बाई सरकत होत्या, वळत होत्या, ढाल उचलत होत्या. ज्या बाजूनं आवाज येईल तिकडे त्यांचे हात आपोआप जात होते. मैदानाच्या मधोमध उभं राहून चारी बाजूंनी ओरडा खाणं असं असतं हे त्यांना आज कळत होतं. ते चांगलं होतं. कोणीतरी आपल्यासाठी बघतंय हे त्यात कळत होतं.

सरडा अगदी शेवटाला आला आणि बाईंना राहवलं नाही. ढाल बाजूला सारून त्यांनी त्याच्या नाकावर वार केला. त्यानं त्यांना तिथंच चिरडलं.

"अगं ए!" बोरा किंचाळली, पण थांबली नाही. "आरम, डावीकडून! सुल्गी, मला बरं कर, तिला नको, ती गेली!"

बाई गुहेच्या जमिनीवर आडव्या पडल्या होत्या. मेलेल्या माणसाला बोलता येत होतं, हेडफोन चालूच होते. पण त्या गप्प राहिल्या. खालून त्यांना तिघींचे पाय दिसत होते, तिघींची हालचाल दिसत होती. आरम कुठं जाणार हे बोराला आधीच माहीत होतं. बोराचा जीव संपत आला की सुल्गीचा हात तिच्याकडे वळत होता. इतक्या वर्षांत या मुलींचा एकही खेळ बाईंनी तोंड मिटून पाहिला नव्हता.

सरडा कोसळला. आरडाओरडा झाला, आरम रडली की हसली ते कळलं नाही. बोराची योद्धीण बाईंच्या शेजारी गुडघ्यावर बसली आणि तिला उठवू लागली. "उठ गं गिल्जे, किती झोपशील," असं म्हणता म्हणता बोराला एकदम भान आलं. तिनं हेडफोन काढले, खुर्चीतून उठून उभी राहिली आणि कमरेत वाकली.

"बाई, माफ करा. तोंडाला येईल ते बोलले."

"बस खाली. बरोबर बोललीस," बाई म्हणाल्या. "शेवटी मीच घाण केली. जिंकत आलो की मला घाई होते. उद्यापासून तेवढंच करते, शेवटी थांबायचं."

गुक साहेबांनी न मागता तळलेला भात आणून ठेवला आणि वर म्हणाले, पैसे नकोत, दुकानाकडून. खाता खाता बोरानं सांगितलं की सरड्यापुढं एक बर्फाचा किल्ला आहे, पण तिथं आठ जण लागतात, आणि आपण तर चौघी. अनोळखी माणसं घेतली तर ती मध्येच सोडून जातात.

बाईंनी तोंड पुसलं आणि फोन काढला. कोणाला लावताहेत ते पाहून बोरानं डोळे विस्फारले. मोकपो शहरातल्या मुलींच्या शाळेत पियो जमनाम म्हणून प्रशिक्षक होत्या. प्रांताच्या अंतिम सामन्यात त्या नेहमी समोरच्या बाजूला असायच्या, आणि या दोघींनी एकमेकींशी, पंचांमार्फत सोडलं तर, कधी एक धड शब्द बोललेला कोणी ऐकला नव्हता.

"जमनाम? गिल्जा बोलतेय. हो, तीच. मरायला टेकले नाहीये, दुसरं काम आहे. तुझ्या जुन्या पोरींपैकी तिघीजणी धडाडीच्या आहेत का? आणि तू. हो, तूसुद्धा. शनिवारी दुपारी. तुला जमणार नाही म्हणा, अवघड असतं फार, पण विचारून ठेवते."

 पलीकडून तो जुना घोगरा आवाज बोरालाही नीट ऐकू आला.

"कुठं यायचं ते बोल."