उतारावरची सरळ दांडी

जरा थांबा. डाव्या हाताला झाडांच्या मधे मातकट रंगाची लांबलचक लोखंडी दांडी दिसतेय ना, ती मी. मीच बोलतेय. लोखंड कधी बोलतं का, असं मनात आलं असेल तर हात ठेवून बघा. सकाळी मी गार असते, पण कुणाचा हात पडला की त्या हाताएवढी जागा लगेच ऊब धरते आणि तळहातातली बारीक धडधड मला कळते. तुम्ही माणसं एवढं मोठं काम आत चालू ठेवून वर भाजीपाल्याच्या गप्पा कशा मारता, याचं मला अजून नवल वाटतं.

माझा जन्म भट्टीतला. त्यातलं फार आठवत नाही, नुसता उजेड आणि उजेड. थंड झाले तेव्हा मी नळी होते, आतून पोकळ, बाहेरून गुळगुळीत.

पहिलं सासर मला शहरातल्या व्यायामाच्या मैदानात मिळालं. मैदान रस्त्यावरून दिसावं म्हणून तिथली झाडं आधीच तोडली होती. खाली सिमेंट, आजूबाजूला सिमेंट. मला लाल-पिवळा रंग फासला. पहिल्या दिवशी माणसं मला लोंबकळली, फोटो काढले, एकमेकांच्या पोटांवरून चेष्टा केली. मग येईनाशी झाली. दुपारी मी इतकी तापायचे की हात लावणारा ओरडून मागे सरायचा. बायका तर फिरकल्याच नाहीत. रस्त्यावरचा प्रत्येक जण मान वळवून बघणार म्हटल्यावर कोण हातपाय ताणेल? शेवटी माझ्यावर गोधड्या वाळू लागल्या. गोधड्यांचा मला राग नाही, पण त्या ओल्या असायच्या. मला गंज धरला. एके दिवशी उपटून मला गोदामाच्या मागे ढिगात टाकलं. तिथे मी किती काळ पडून होते ते सांगता येणार नाही. गंजाला दिवस मोजता येत नाहीत.

त्या ढिगापाशी एकदा एक बाई आल्या. बागा आणि मैदानं आखायचं काम करायच्या, म्हणून सगळे त्यांना मॅडम म्हणायचे. बोटाच्या पेराने त्यांनी मला टकटक केलं आणि कान लावला.

"ही चालेल," त्या म्हणाल्या. "गंज वरवरचा आहे."

बरोबरचे वेल्डरकाका नाक मुरडून म्हणाले, "मॅडम, भंगार कशाला? नवीन आणू की, झकास चकाकेल."

"तेच तर नकोय मला. तिथे चकाकणारं काही नकोय."

काकांनी माझा लाल-पिवळा रंग जाळून काढला, घासूनपुसून तेल पाजलं आणि माझ्यासारख्याच आणखी दोघींना मला सांधून दिलं. म्हणजे खरं तर मी एकटी नाही, तिघी आहोत. पण आता सांधा कुठला ते आमचं आम्हालाही सापडत नाही, म्हणून मी म्हणजे मीच.

मग मला या टेकडीवर आणलं.

काय सांगू तुम्हाला. तोवर मी छप्पर पाहिलं होतं, सिमेंट पाहिलं होतं. सकाळी धुकं उतरावरून खाली सरकतं तेव्हा झाडं आधी शेंड्याकडून दिसायला लागतात, हे मला कुठे ठाऊक होतं? वारा आला की गवत एका बाजूने वाकत वाकत येतं, माझ्या खालून निघून जातं आणि पुन्हा उभं राहतं. रात्री अंगावर दव साठतं, आणि सकाळी त्या प्रत्येक थेंबात उलटी टेकडी असते. इथे माझी काय गरज, असं मला पहिल्या दिवशी वाटलं. अगदी लाजल्यासारखं झालं. इतक्या जुन्या घरात आपण नवीन, काय बोलावं, कुठे उभं राहावं काही कळेना.

मॅडमनाही तसंच वाटत असावं. इथे व्यायामाच्या जागा करायचं काम सुरू करायच्या आधी त्या नुसत्या येऊन गवतात बसायच्या. फिरायला येणारी माणसं आपणहून कुठल्या दगडावर टेकतात, चढताना कुठल्या फांदीला धरतात, दमली की कुठे थांबतात, ते बघायच्या. त्या त्या जागी सुती चिंधी बांधून ठेवायच्या. लोकांना वाटायचं, कुणाच्या घरचे कपडे वाऱ्याने उडाले. पुढे जिथे चिंधी तिथेच व्यायामाची जागा झाली. माणसं ज्या दगडावर बसायची तोच चढउतार करायला ठेवला. वादळात पडलेलं झाड जागचं न हलवता तोल सांभाळत चालायला ठेवलं. पायवाट गुरांनी पाडली होती तशीच वाकडी राहिली. खाली सिमेंट नाही, पालापाचोळा.

"आपण आलोय हे टेकडीला कळताही कामा नये," त्या कामगारांना म्हणायच्या.

"टेकडीला नाही कळणार," गवंडीकाका पुटपुटायचे, "माझ्या कंबरेला कळतंय."

माझ्या बाबतीत चूक झाली ती या गवंडीकाकांच्या हातून. मॅडमच्या नकाशात मी उतारासारखीच तिरकी होते. जमीन जशी उतरेल तशी मीही उतरणार होते, म्हणजे कुठेही उभं राहा, दांडी छातीएवढी. पण काकांचा जन्म भिंती बांधण्यात गेलेला. खिशात कायम पाणसळ, ती बुडबुड्याची पट्टी. बुडबुडा मधोमध आल्याशिवाय त्यांच्या हातून वीटसुद्धा खाली ठेवली जायची नाही. मॅडम दोन दिवस परगावी होत्या. काकांनी झाडांची मुळं चुकवून खड्डे खणले, खांब रोवले आणि मला त्यावर ठेवून पाणसळीने अशी सरळ बसवली की थेंब ठेवला तर घरंगळणार नाही. खालच्या टोकाला मी माणसाच्या छातीशी, मधे कमरेशी आणि वरच्या टोकाला गुडघ्याच्या थोडी वर.

मॅडम आल्या आणि बघतच राहिल्या.

"काका, नकाशात ही तिरकी आहे."

"हो, बघितलं की मी. मला वाटलं, हलत्या गाडीत काढला असेल नकाशा."

वेल्डरकाका तोंड फिरवून हसले. मॅडमना हसू आलं नाही. वरच्या टोकाला ही कुणाच्या काय उपयोगाची, त्या म्हणाल्या. वेल्डरकाकांना दुसरं काम होतं, म्हणून पुढच्या सोमवारी मला कापून पुन्हा बसवायचं ठरलं. कुठे कापायचं त्या खुणा खडूने माझ्यावर करून ठेवल्या.

त्याच आठवड्यात ती यायला लागली.

ती म्हणजे खालच्या वस्तीतली एक बारीक अंगाची आई. कडेवर दोन वर्षांची होत आलेली मुलगी. मुलीला घरात सगळे गठुडी म्हणायचे, कारण ती सदा कुणाच्या तरी कडेवर. गठुडी अजून चालत नव्हती. पायांत काही दोष नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण ती एकदा घरातल्या गुळगुळीत फरशीवर कपाळावर आपटली होती. तेव्हापासून आईने तिला खाली सोडलं नव्हतं, आणि सोडलंच तर दोन्ही हातांचं कडं तिच्याभोवती असायचं. मूल नेमकं कशाला घाबरत होतं, फरशीला की आईच्या चेहऱ्याला, कुणास ठाऊक.

सोबत सासूबाई यायच्या. त्या दगडावर टेकायच्या आणि म्हणायच्या, "देवाने पाय दिलेत तिला, आणि तू त्यांना कामच देत नाहीस."

"आई, पडली तर?"

"पडली तर पाल्यावर पडेल. तिला कळणारसुद्धा नाही."

आईने गठुडीला माझ्या वरच्या टोकाशी उभं केलं. आणि त्या पोरीने मला धरलं.

माझ्या आडव्या जन्मात मला किती हातांनी धरलं असेल, पण हा हात असा होता की मला पुरता वळसाही घालता येत नव्हता. बोटं अर्ध्यावर येऊन थांबायची. आणि त्या एवढ्याशा हातातली धडधड किती भरभर. मला धास्ती वाटायला लागली की मी फार गार तर नाही ना, कुठे खरखर तर राहिली नाही ना. आईची ती काळजी माझ्याही अंगाला लागली म्हणा.

रोज सकाळी त्या आल्या. पहिल्यांदा गठुडी नुसती उभी राहायची. मग पाय पुढे, हात पुढे, पाय पुढे. आई वाकून, हातांचं कडं करून, तिच्याबरोबर सरकायची. पण उतार पुढे खाली जातो आणि मी तर सरळ. दोन पावलं गेली की हात वर जायचा, आणखी गेली की टाचा उचलायच्या, आणि मी हातातून निसटणार असं झालं की पोरगी मटकन बसायची किंवा आईच्या कड्यात पडायची. आई लगेच उचलून छातीशी.

सोमवारी आई आली तर कापायचं मशीन माझ्यापाशी उभं. मॅडम, वेल्डरकाका, गवंडीकाका, सगळे. आई थबकली. ती कुणाशी फारसं बोलणाऱ्यातली नव्हती. रोज भेटणाऱ्या आजोबांनी नमस्कार केला तरी पदर सावरून खाली बघायची. तिचा हात माझ्यावर होता, म्हणून मला ठाऊक आहे, तिच्या हाताला घाम सुटला होता.

"ताई," ती म्हणाली, "ही काढताय?"

"काढत नाही, नीट बसवतोय. चुकून सरळ बसलीय."

"मग ह्या टोकाला केवढी होईल?"

मॅडमनी छातीपाशी हात दाखवला. आईने गठुडीकडे बघितलं.

"मग हिचा हात नाही पुरणार. आत्ता पुरतो. चार दिवस झाले, धरून उभी राहते. घरात कशालाच धरत नाही ही. थोडे दिवस ठेवा ना. ती चालली की मग काढा."

"दाखवा बघू," मॅडम म्हणाल्या.

आईने गठुडीला उभं केलं. गठुडीने सगळ्यांकडे आळीपाळीने बघितलं आणि खाली बसून एक पान तोंडात घातलं.

"झालं," सासूबाई म्हणाल्या. "पाहुणे आले की हिचं असंच."

वेल्डरकाकांनी मशीनची वायर उलगडायला घेतली. पण मॅडम गठुडीशेजारी उकिडव्या बसल्या होत्या, तिच्याएवढ्या होऊन, आणि तिथून माझ्या अंगावरून पार खालच्या टोकापर्यंत बघत होत्या. खाली एक उंच माणूस मला धरून पाठ ताणत होता. मधे ते आजोबा कमरेशी मला धरून सावकाश उठबस करत होते. वर पोरगी. प्रत्येकाला आपापल्या उंचीची जागा मिळाली होती, कुणी काही सांगितलं नव्हतं.

मग मॅडम हसल्या. "मी सगळ्यांसाठी एकच उंची काढली होती. माझी स्वतःची."

"म्हणजे कापायची नाही?" वेल्डरकाकांनी विचारलं.

"नाही. नकाशा बदलते मी. काका, तुमची चूक मी चोरली म्हणा."

"घ्या," गवंडीकाका म्हणाले. "माझ्याकडे अजून पुष्कळ आहेत."

आईने ओल्या हातानेच माझ्यावरच्या खडूच्या खुणा पुसल्या.

मी राहिले. पण गठुडी काही चालेना. रोज तेच. हात वर, टाचा वर, मटकन खाली. आईचा चेहरा उतरत चालला. इतकं बोलून दांडी ठेवून घेतली, आता लोक काय म्हणतील, हीही काळजी तिला. आणि मी अपराध्यासारखी. मला एवढंसं वाकता आलं असतं तर तेव्हाच्या तेव्हा वाकले असते.

एका सकाळी सासूबाई दगडावरून उठल्या. "तू खाली जा," त्या सुनेला म्हणाल्या. "दांडीच्या पार त्या टोकाला जाऊन उभी राहा. तू जवळ असलीस की ती तुझ्या अंगावर झेप घेते. चालायची वेळच येत नाही."

"तिकडून मला पोचता यायचं नाही."

"तेच म्हणतेय मी."

आई गेली. मागे बघत बघत गेली. खालच्या टोकाला मला दोन्ही हातांनी अशी घट्ट धरून उभी राहिली की तिची धडधड पार वरपर्यंत ऐकू येत होती. आणि वरून दुसरी, बारीक, भरभर. दोन्ही माझ्यातून धावत होत्या. लोखंडाच्या जातीत कुणाला असं काही मिळालं असेल असं मला वाटत नाही.

गठुडी निघाली. पाय, हात, पाय. जमीन उतरली, हात वर गेला. आणखी उतरली, टाचा उचलल्या. आता माझ्यावर तिची चारच बोटं होती. मग दोन. मग एका बोटाचं टोक. मला वाटलं, आता बसणार. मी तर तिला धरू शकत नाही, मला हात नाहीत. गवतात वारा थांबला होता की मीच तो ऐकायचं विसरले होते, माहीत नाही.

बोटाचं ते टोकही उचललं गेलं.

ती बसली नाही. हात तसाच वर हवेत, जणू मी तिथेच आहे, आणि पाय पाल्यावर पडत होते. चुरचुर, थांबणं, पुन्हा चुरचुर. सासूबाईंनी तोंडावर पदर धरला होता. आईने मला सोडलं नाही. धावत जाऊन उचलावंसं तिला किती वाटत होतं ते माझ्याइतकं कुणाला कळणार? तिची नखं माझ्या अंगावर रुतली, पण ती हलली नाही. गठुडी आपल्या पायांनी आली आणि तिच्या गुडघ्यांना येऊन थडकली.

"आलीस," आई एवढंच म्हणाली. "तूच आलीस."

त्यालाही आता बराच काळ लोटला. गठुडीला आता कुणी गठुडी म्हणत नाही. ती पायवाटेने धावत येते, माझ्या खालून वाकून पलीकडे जाते आणि मला हातसुद्धा लावत नाही. मला वाईट वाटत नाही. खालच्या टोकाला वेल चढलाय, मधल्या खांबावर सरडा ऊन खात बसतो. तेल संपलं की वेल्डरकाका येऊन पाजतात. टेकडी अजून मला नवीनच समजते, आणि मीही दर सकाळी तिच्याकडे नवीनच असल्यासारखी बघते.

एकच मागणं आहे. तुम्ही इथे आलात की पिशव्या, पाण्याच्या बाटल्या, अंगावरचे गरम कपडे, सगळं खालच्या टोकाला अडकवा. मी काही म्हणणार नाही. वरचं टोक तेवढं मोकळं ठेवा. वस्तीतून कुणीतरी आई कडेवरचं ओझं सावरत चढून येत असेल.