टाकीतली बाळंतीण

छापखान्यात त्याला सगळे वेलांटी म्हणत. मुद्रितं तपासणं हे त्याचं काम, आणि ऱ्हस्वाच्या जागी दीर्घ वेलांटी दिसली की त्याच्या कपाळाची शीर अशी तटतटून उठायची, की मालकांनीच ते नाव ठेवलं आणि ते पुढे घरापर्यंत पोचलं. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका वेचून आलेल्या या माणसाला संध्याकाळी एवढंच हवं होतं, की समोर असं काहीतरी असावं ज्यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही. म्हणून त्याने माशांची टाकी घेतली. बैठकीच्या खोलीत बुटक्या कपाटावर ती ठेवली, आत चार नारिंगी मासे सोडले, आणि चहाचा कप हातात धरून तो त्यांच्याकडे बघत बसू लागला. मासे इकडून तिकडे जायचे, तिकडून इकडे यायचे. यात चुकणार काय?

वर्षभर सुरळीत चाललं. मग त्याला दुर्बुद्धी सुचली, की टाकीत जरा हिरवळ हवी. ज्या दुकानातून मासे घेतले तिथूनच त्याने पाणवनस्पतीची एक जुडी आणली आणि खड्यांत खोवली. काही दिवसांनी काचेवर मोहरीएवढा तपकिरी ठिपका दिसला. ठिपका सरकत होता. वेलांटीने बायकोला हाक मारून तो कौतुकाने दाखवला.

“गोगलगाय अन् पोटात पाय,” बायको म्हणाली. “गरीब दिसते म्हणून भुलू नका.”

त्याने ते हसण्यावारी नेलं. दोन महिन्यांत त्याचं हसू कुठल्या कुठे गेलं. काचेवर, खड्यांवर, पंपाच्या नळीवर, जिकडे पाहावं तिकडे गोगलगायी. पानांच्या मागे त्यांच्या अंड्यांचे चिकट, पारदर्शक गोळे. दुकानदाराने समजावलं, की या जातीला जोडीदार लागत नाही, एकटी सगळा संसार उभा करते. हे त्याने अशा सुरात सांगितलं, जणू त्याचाच काही पराक्रम होता.

याच सुमारास सासूबाई राहायला आल्या. सासरे गेल्यावर त्यांनी काही महिने एकटीने रेटले, पण दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला आणि एकदा गॅस चालू राहिला, तेव्हा लेकीने त्यांचं काही ऐकलं नाही. बाई मुळातच कमी बोलणाऱ्या, त्यात जावयाचं घर. “चहा घेतलात का?” एवढं त्या विचारायच्या, तो “हो” म्हणायचा, आणि दोघांनाही सुटल्यासारखं व्हायचं. वेलांटी काही माणूसघाणा नव्हता. त्याला फक्त सुरुवात कुठून करायची ते कधी कळत नसे.

आता पंचाईत अशी, की सासूबाईंना गोगलगायीची भयंकर शिसारी. लहानपणी त्यांच्या चपलेत एक निघाली होती, पाय आत घातल्यावर कळलं. आजही कुणी नाव काढलं तरी त्यांच्या अंगावर काटा यायचा. बायकोने नवऱ्याला बजावलं, की आईला सध्या धूसर दिसतंय तोवर ठीक आहे, पण पुढच्या महिन्यात तिच्या पहिल्या डोळ्याचं ऑपरेशन होईल. बायको एका दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीत बसायची, तारीख तिनेच लावून घेतली होती. पट्टी सुटल्यावर आईला पहिलं हेच दिसलं तर ती या घरात क्षणभर थांबणार नाही. तेव्हा तोवर टाकी साफ करा, नाहीतर टाकीच काढा. शिवाय ‘गोगलगाय’ हा शब्द घरात उच्चारायचा नाही. नवरा-बायको मग ‘ते प्रकरण’ म्हणू लागली.

त्या प्रकरणाने वेलांटीच्या नाकी नऊ आणले. संध्याकाळी आल्या आल्या तो बाह्या सरसावून हाताने वेचायला बसायचा. झोपताना कोबीचं पान पाण्यात सोडायचा आणि सकाळी त्याला लगडलेल्या गोगलगायी मगात घालून मागच्या गटारात ओतून यायचा. दुकानदाराने गोगलगायी खाणारा म्हणून एक ठिपक्याठिपक्यांचा मासा गळ्यात मारला. त्याने गोगलगायींकडे ढुंकूनही पाहिलं नाही, नारिंगी माशांच्या शेपट्या मात्र कुरतडल्या. वेलांटी तो परत करायला गेला तेव्हा दुकानदाराने विचारलं, “खाणं कोण जास्त घालतंय? उरलेल्या खाण्यावरच पोसतात त्या.”

वेलांटीला राग आला. तो सकाळी चिमूटभर घालायचा, आणि ती चिमूटही मोजूनमापून. मग संशय बायकोवर. त्याने विचारलं, तिला ते लागलं, आणि दोन दिवस घरात भांड्यांचाच आवाज तेवढा मोठा होता.

तो हरत चालला होता आणि ते त्याला कळत होतं. ज्या एका गोष्टीत चुका नाहीत म्हणून ती घरी आणली, ती आता चुकांनी बुजबुजली होती, आणि या चुका खोडल्या तरी सकाळी दुपटीने उगवत होत्या. जेवताना त्याची नजर टाकीवर असायची. डोळे मिटले तरी ठिपके सरकायचे. शेवटी छापखान्यात व्हायचं तेच झालं. मालकांनी त्याला आत बोलावून शाळेच्या एका वाचनमालेचं मुद्रित समोर ठेवलं. अख्ख्या पानावरचे सगळे स्वल्पविराम त्याने लाल शाईने खोडले होते. एकही सोडला नव्हता.

“वेलांटी,” मालक म्हणाले, “पोरांनी हा धडा एका दमात वाचायचा का?”

ते छोटे, वाकडे, शेपटीवाले ठिपके बघून त्याचा हात आपोआप चालला होता, हे सांगायचं कसं? मालक ओरडले असते तर बरं झालं असतं. ते हळू आवाजात म्हणाले, की आज घरी जा आणि डोळे तपासून घ्या. इतक्या वर्षांत त्याला कुणी भर दुपारी घरी पाठवलं नव्हतं. नोकरी जाताना अशीच जात असेल, पावलांचा आवाज न करता, असं त्याला वाटेत वाटत राहिलं.

त्याने किल्लीने दार उघडलं. सासूबाई टाकीसमोर खुर्ची ओढून बसल्या होत्या. मांडीवर बिस्किटांचा पुडा होता, आणि त्या एकेक बिस्कीट चुरून पाण्यात सोडत होत्या.

“खा गं, पोटभर खा,” त्या सगळ्यांत गुबगुबीत मासळीला सांगत होत्या. “एवढ्या लेकरांची आई तू. घरातली सगळी कामावर जातात, तुझ्याकडे बघायला कुणाला वेळ आहे?”

वेलांटीच्या हातातली पिशवी खाली टेकली. आवाजाने त्या दचकल्या. पुडा मागे लपवू गेल्या, पण तो खाली पडला आणि चुरा सगळीकडे झाला.

“रागावू नका, जावईबापू,” त्या म्हणाल्या. “बाळंतीण आहे बिचारी. तुमच्या त्या चिमटीत तिचं काय भागणार?”

“बाळंतीण?”

“ही काय, जाड झालेली. पिल्लं केवढी झालीत तिची. मला धड दिसत नाही, पण काचेला चिकटून बसतात ना, ती दिसतात. हळूहळू सरकतात. माझा दुपारचा वेळ बरा जातो.” मग त्या जरा थांबल्या. “एक विचारायचं होतं. दुपारी बघावं तर भरपूर असतात. सकाळी उठून बघावं तर कमी. मोठे मासे खात असतील का हो?”

रोज सकाळी तो भरलेला मग घेऊन गटाराकडे जाणारा स्वतःचा हात वेलांटीला दिसला. “असेल,” एवढंच तो म्हणाला आणि खाली बसून बिस्किटांचा चुरा गोळा करू लागला.

त्या दुपारी सासूबाई बोलल्या. इथे आल्यापासून जेवढं बोलल्या नसतील तेवढं. जुन्या घरी भिंतीपलीकडे दिवसभर कुणाची तरी हालचाल असायची, इथे दार बंद झालं की संध्याकाळपर्यंत चिटपाखरू नाही. रेडिओ लावला तर तो आपलंच पुढे रेटतो, आपण बोललेलं ऐकत नाही. मासे निदान तोंड वर करून येतात. वेलांटी ऐकत राहिला.

रात्री बायकोला सांगितलं तेव्हा ती आधी तोंडावर उशी धरून हसली आणि मग रडली. आईला खरं सांगावं तर शिसारी, आणि वर ही लाज, की आपण महिनाभर गोगलगायींचंच बाळंतपण केलं. न सांगावं तर पट्टी सुटायला आता आठवडाच उरला होता. वेलांटीने वेचणं बंद केलं. पिल्लं कमी झाली की सासूबाईंचा चेहरा उतरायचा, ते आता त्याला दिसत होतं. गोगलगायी तेवढ्या आठवड्यात अशा माजल्या, की मासे शोधावे लागत.

शेवटी त्याने बेत आखला. डोळ्याच्या दिवशी माय-लेकी दवाखान्यात गेल्या की टाकी रिकामी करायची, सगळं धुऊन पुन्हा मांडायचं, आणि पिल्लं मोठी झाली म्हणून दुकानदाराला दिली असं सांगायचं. बायकोला बेत आवडला नाही, पण दुसरा तिच्याजवळही नव्हता.

त्याने रजा काढली. मासे बादलीत काढले, हिरवळ फेकली, खडे मोठ्या पातेल्यात घालून गॅसवर उकळत ठेवले. टाकी न्हाणीघरात नेऊन तो कोपरापर्यंत भिजून घासत होता. काम अर्ध्यावर आलं असेल नसेल, तोच दार वाजलं. मोतीबिंदूला हल्ली वेळ लागत नाही, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. सासूबाई एका डोळ्यावर पट्टी बांधून, लेकीचा हात धरून आत आल्या आणि सवयीने कपाटाकडे वळल्या. त्यांचा हात रिकाम्या कपाटावरून फिरला.

“टाकी धुतोय,” वेलांटी म्हणाला.

“आणि पिल्लं?”

“मोठी झाली होती. दुकानदाराला दिली.”

“सगळी?”

“सगळी.”

“एखादं ठेवायचंत,” असं म्हणून त्या आत जाऊन पडल्या. स्वयंपाकघरात खडे खदखदत होते आणि उकळलेल्या शेवाळाचा वास घरभर सुटला होता.

दुसऱ्या दिवशी पट्टी सुटली. टाकी आरशासारखी चमकत होती, चारही मासे ठणठणीत होते. सासूबाईंनी एकदा बघितलं, “छान आहे” म्हणाल्या, आणि आपल्या खोलीत निघून गेल्या. त्यानंतर त्या टाकीसमोर बसल्या नाहीत. “चहा घेतलात का?” “हो.” सगळं पूर्वीसारखं. वेलांटी संध्याकाळी टाकीकडे बघायचा. आत दुरुस्त करण्यासारखं काहीच नव्हतं, आणि त्याला घास गिळवत नव्हता.

चौथ्या की पाचव्या संध्याकाळी त्याचा धीर सुटला. बायको भाजी चिरत होती, सासूबाई खिडकीशी बसून डोळ्यात थेंब टाकून घ्यायची वाट बघत होत्या. तो समोर जाऊन उभा राहिला.

“ती पिल्लं नव्हती,” तो म्हणाला. “गोगलगायी होत्या. मी गटारात टाकत होतो.”

बायकोची सुरी थांबली. सासूबाई त्याच्याकडे बघत राहिल्या, नव्या डोळ्याने, पहिल्यांदाच इतकं स्पष्ट. मग त्यांनी आपले दोन्ही हात वर करून पाहिले, उलटे, सुलटे. तशाच उठल्या आणि नळाखाली साबण लावून हात धुतले, पुन्हा धुतले. वेलांटीला वाटलं, आता बॅग भरतात. पाण्याचा आवाज थांबला तरी त्या पाठमोऱ्याच उभ्या होत्या. त्यांचे खांदे हलत होते.

“आई, रडू नकोस, डोळा ताजा आहे,” बायको धावली.

पण त्या हसत होत्या. आवाज न करता, नळाला धरून. “आणि त्या मेलीला बाळंतीण म्हणून बिस्किटं चारून फुगवली,” त्या कशाबशा म्हणाल्या. “तिलाही वाटलं असेल, म्हातारीला झालंय काय.” बायको डोळ्याच्या काळजीने ओरडत राहिली, आणि तिच्या ओरडण्याने त्यांना आणखीच हसू येत राहिलं. वेलांटीला मात्र हसता येईना. तो स्टुलावर बसला.

सासूबाई पुसलेले हात घेऊन त्याच्यासमोर येऊन बसल्या. त्यांनी त्याचा चेहरा निरखला.

“खूप वाळलात हो तुम्ही,” त्या म्हणाल्या. “त्या दिवशी दुपारीच कसे घरी आला होतात?”

हे त्याने बायकोलाही नीट सांगितलं नव्हतं. त्याने स्वल्पविरामांचं सांगितलं, मालकांचं सांगितलं, आणि त्या दिवसापासून पाठ्यपुस्तकांचं काम दुसऱ्याच्या टेबलावर जातंय, तेही सांगितलं. यावर मात्र त्या हसल्या नाहीत.

“मग आता?”

“बघू,” वेलांटी म्हणाला. “सध्या लग्नपत्रिका तपासतोय.”